चार बाय नऊची टेरेस आणि दोन तासांचा धूर

आमच्या फ्लॅटला बिल्डरने ‘टेरेस’ म्हणून जी जागा दिली आहे, ती नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. एका कोपऱ्यात एसीची बाहेरची पेटी, दुसऱ्यात तुळस, वर कपडे वाळत घालायच्या दांड्या. उरलेल्या जागेत एक माणूस आणि एक १८ इंची गोल ग्रिल मावते. माणसाला मागे वळायचं असेल तर ग्रिलने पोट आत घ्यावं लागतं.

ती ग्रिल आणली तेव्हा डोक्यात अमेरिकन पुस्तकं होती. टेक्सासमध्ये ब्रिस्केट, म्हणजे बीफच्या छातीचा पाच-सहा किलोंचा अख्खा तुकडा, ओकच्या लाकडाच्या धुरात बारा-बारा तास ठेवतात. त्यांना मागचं अंगण असतं आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. आमचा शेजारी हाताच्या अंतरावर आहे. पहिल्या रविवारी चाळीस मिनिटं झाली नाहीत तोच वॉचमन वर आला, “सर, काही जळतंय का?” बारा तासांचं गणित तिथेच संपलं.

पुढे दोन-तीन वर्षं चुका करत जे हाती लागलं ते एवढंच, की धूर लागणं आणि मांस शिजणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच भांड्यात होतात म्हणून ती एक वाटतात. धूर लागायला दोन तास पुरतात. मऊ व्हायला पाच लागतात, पण ते पाचही तास मांसाने धुरात काढायला हवेत असं नाही. नंतर नुसती मंद आच पुरते, आणि ती कोळशाची आहे की ओव्हनची हे मांसाला कळत नाही. लहान जागेत राहणाऱ्याने नेमकं या फटीत शिरायचं.

आधी भाजणं वेगळं काढू. सीख, तंगडी, पापलेट ही रसरशीत निखाऱ्यांवर थेट भाजायची कामं. दहा-वीस मिनिटांत आटोपतात. आगाशी-विरारकडच्या भुजिंगातलं चिकन असंच कोळशावर भाजून मग पोह्यांत मिसळतात. तिथे जो खमंगपणा येतो तो मुख्यतः निखाऱ्यावर टपकलेल्या चरबीचा आणि करपलेल्या कडांचा असतो. लाकडाच्या धुराचा वाटा त्यात फारसा नाही, कारण कोळसा म्हणजे धूर आधीच निघून गेलेलं लाकूड. हे काम टेरेसवर करायला फार डोकं लागत नाही. तंगडी आतून ७४ अंशांना पोचली की झालं.

मी सांगतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. मोठा तुकडा, झाकण बंद, आच बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. बंद भांड्यात कोंडलेल्या उष्णतेने शिजवणं आपल्याला नवं नाही. अलिबागकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. गोल झाकणाच्या ग्रिलमध्येही उष्णता अशीच कोंडलेली असते. ती बनवली शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफनने, १९५२ साली. तो वेबर ब्रदर्स या पत्र्याच्या कारखान्यात होता, तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी लोखंडी अर्धगोल तयार होत. त्याने अशा दोन अर्धगोलांची एक परात आणि एक झाकण केलं. झाकण महत्त्वाचं, कारण त्याने वारा अडतो, आणि वारा अडला की कोळसा आपल्या ताब्यात येतो.

आता मांसात काय होतं ते. बोकडाचा पुढचा खांदा आयुष्यभर राबलेला असतो. त्यात स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन भरपूर. चापेत ते कमी, म्हणून चाप झटपट भाजली तरी चालते. मांस ६० अंशांच्या पुढे गेलं की स्नायूंचे धागे आकसतात आणि रस बाहेर पिळला जातो. या टप्प्यावर खांदा खाल्ला तर चपलेसारखा लागतो, आणि लोक म्हणतात मटण ‘जून’ निघालं. ते जून नसतं, अर्धवट असतं. सत्तरच्या पुढे कोलॅजेन विरघळून जिलेटिन होऊ लागतं, ऐंशी-नव्वदला ते काम वेग घेतं आणि ९२ ते ९५ अंशांना हाड हाताने ओढून निघतं. पायाच्या रश्श्याने ओठ चिकटतात ना, तेच हे जिलेटिन. या प्रवासाला वेळ लागतोच, घाई केली तर बाहेरचं वाळतं आणि आतलं तसंच राहतं.

वाटेत एक गंमत होते. आतलं तापमान ६५ ते ७० च्या आसपास आलं की काटा थबकतो. कधी तासभर, कधी त्याहून जास्त. नवखा माणूस घाबरून कोळसा वाढवतो. मीही वाढवला होता, आणि एक कडा कोळशातच जमा झाली. कारण अगदी घरगुती आहे: माठ. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं, जितकी आच मिळते तितकीच बाहेर जाते, काटा हलत नाही. ग्रेग ब्लाँडर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने मांसाशेजारी ओला स्पंज आणि चरबीचा गोळा ठेवून हे दाखवून दिलं. स्पंजही थबकला, चरबी मात्र सरळ तापत गेली. उपाय सोपा आहे, वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. तुकडा घट्ट गुंडाळला की काटा पुन्हा चालू लागतो.

आणि धूर? लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. पहिल्या दोहोंपासून गोडसर, भाजल्यासारखे वास येतात. ज्याला आपण ‘धुरकट’ म्हणतो तो मुख्यतः लिग्निनमधून सुटणाऱ्या ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल यांचा. हे वायू आणि सूक्ष्म थेंब थंड, ओलसर पृष्ठभागावर चटकन धरतात, जसा आंघोळीनंतरचा दमट आरसा. म्हणून तुकडा फ्रिजमधून काढून थेट ग्रिलवर ठेवायचा. पहिल्या दोन तासांत पृष्ठभाग थंड आणि ओला असतो, तोवरच खरी कमाई. पुढे तो तापतो, सुकतो, आणि नवा धूर पूर्वीइतका बसत नाही. तुम्ही मात्र शेजाऱ्यांच्या नाकाला त्रास देत राहता.

धुराचा रंग बघायला शिका. दाट, पांढरा, गुदमरवणारा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, हवा कमी पडते आहे. तो मांसावर कडवट थर चढवतो. हवा तो जेमतेम दिसणारा, निळसर. आमच्या सोसायटीत या शास्त्राचा दुसरा फायदा असा, की निळा धूर वॉचमनला दिसत नाही.

माझा रविवार साधारण असा जातो.

शनिवारी खाटकाकडून बोकडाचा पुढचा खांदा अख्खा आणायचा, सव्वा किलोच्या आसपास. “तुकडे करू नका” म्हटल्यावर ते दोनदा विचारतात, कारण आपल्याकडे मटण म्हणजे रश्श्याचे तुकडे. नळीच्या सांध्यावर मात्र एक घाव घालून घ्यायचा, म्हणजे तो दुमडून ओव्हनमध्ये बसतो. घरी आल्यावर किलोला १५ ग्रॅम मीठ चोळून उघडाच फ्रिजमध्ये रात्रभर. मीठ आत मुरतं आणि शिजताना पाणी धरून ठेवायला मदत करतं. आपलं बोकड चरबीला कमी, त्याला ही मदत लागते. सकाळी जाडसर कुटलेले मिरे, धने आणि थोडी बेडगी. दही-पपई लावायची सवय असेल तर ती तंदूरसाठी राखून ठेवा. पाच तासांच्या मंद आचेला पपई लावली तर बाहेरचा थर लगदा होतो, आणि जे काम वेळ करणार आहे त्यासाठी पपई हवीच कशाला?

कोळसा लाकडाच्या वखारीतून. लाकडी कोळसाच, दगडी नव्हे. दगडी कोळशातल्या गंधकाचा वास अन्नाला लागतो. चांगला लाकडी कोळसा हलका असतो आणि एकमेकांवर आपटला की खणकतो. आपल्याकडे तो वेड्यावाकड्या आकाराचा येतो, म्हणून आदल्या दिवशी गोणपाटात घालून लिंबाएवढे तुकडे करून ठेवतो. धुरासाठी पेरू, आंबा किंवा बाभळीचे मुठीएवढे तीन ठोकळे, चांगले वाळलेले. एवढंच. ते पाण्यात भिजवू नका. पाणी वाळेपर्यंत नुसती वाफ निघते आणि लाकूड रडतं. निलगिरी, खोक्यांची देवदारी फळकुटं, प्लायवूड, रंगवलेलं काहीही नको. काजूची टरफलंही नकोत, त्यातलं तेल दाहक असतं. सोसायटीच्या बागेत छाटणी झाली म्हणून दिसेल ती फांदी उचलू नका; त्यात कण्हेर असते आणि कण्हेर विषारी आहे.

कोळसा पेटवण्याआधी टेरेसवर एक उदबत्ती लावून पाच मिनिटं उभं राहायचं. धूर कुठे जातो ते ती दाखवते. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत जात असेल तर तो रविवार नाही. त्यांच्या घरी मांसाहार नाही, म्हणून मी आधी विचारतो, आणि दुपारी कपडे आत घेतले की त्या खूण करतात.

मग कोळशाची साखळी. जाळीखालच्या परातीत कडेकडेने अर्धवर्तुळात दोन-दोन तुकडे शेजारी, त्यांवर पुन्हा दोन. एका टोकाला सात-आठ पेटलेले निखारे ठेवायचे. आग टोकाकडून टोकाकडे सरकत जाते, एका वेळी थोडेच कोळसे फुलतात, आच आपोआप मंद राहते. लाकडाचे ठोकळे साखळीच्या पहिल्या भागावर ठेवायचे, कारण धूर आपल्याला सुरुवातीलाच हवा आहे. पेटवायला रॉकेल किंवा स्पिरिट नको, त्याचा वास दोन तास सोडत नाही. तेलात बुडवलेल्या चार फुलवाती पत्र्याच्या चिमणीखाली, म्हणजे कोळसे भरलेल्या नळकांड्याखाली, ठेवल्या तर पंधरा-वीस मिनिटांत कोळसे राख धरतात.

साखळीच्या विरुद्ध बाजूला खाली पाण्याची पसरट थाळी, वर मांस, झाकणाची भोकं मांसाच्या डोक्यावर. वरची भोकं पूर्ण उघडी ठेवायची आणि तापमान खालच्या भोकांनी सांभाळायचं. वरची बंद केली तर धूर आत कोंडून कडू होतो. जाळीपाशी १२० ते १३५ अंश हवेत. झाकणावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो झाकणाचं तापमान सांगतो. पैसे खर्च करायचेच असतील तर टोचायच्या तारेच्या थर्मामीटरवर करा. बाकी सगळी सामग्री, चिमटे, ब्रश, एप्रन, घरात असते किंवा नसली तरी चालते. आणि झाकण उघडून बघत बसायचं नाही. दर वेळी कोंडलेली आच जाते, कोळशाला जोराची हवा लागते आणि तो भडकतो.

दोन तासांनी खांदा बाहेरून गडद तांबूस होतो आणि आत काटा पासष्ट-सत्तरला आलेला असतो. म्हणजे नेमका माठाचा टप्पा. इथे आपण टेरेसला रजा देतो. तुकडा फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळून आत आधीच १३० अंशांवर तापवलेल्या ओटीजीत. पुढचे दोन-अडीच तास घरात धूर नाही, वाऱ्याची कटकट नाही. ९२ च्या पुढे थर्मामीटरची सुई लोण्यात जावी तशी गेली की काढायचा, तसाच गुंडाळून जुन्या टॉवेलमध्ये अर्धा तास झोपवायचा. ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात तिवई ठेवून, वाटीभर पाणी घालून, खाली तवा सरकवून मंद गॅसवर. कुकरचा मोह मला समजतो, तो अर्ध्या तासात मऊ करेलही. पण वाफेच्या दाबात तो वाळलेला, मसालेदार थर धुऊन जातो, आणि दुपारभराची मेहनत रश्श्याच्या मटणासारखी लागते.

कापल्यावर कडेला आत बोटभर गुलाबी पट्टा दिसेल. पाहुणे हमखास विचारतात, “कच्चं आहे का?” कच्चं नाही. धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटून तो रंग पक्का करतात. चवीशी त्याचा संबंध नाही.

त्या दुसऱ्या वायूबद्दल थांबून बोलायला हवं. मांसातल्या मायोग्लोबिनला जो धरतो तोच आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतो, ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं दमलो. फुललेला कोळसा तो सोडतो आणि विझत आलेला कोळसाही सोडतो. म्हणून सरकत्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही बाल्कनी नाही, ती खोली आहे. तिथे कोळसा पेटवायचा नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. पाऊस आला म्हणून ग्रिल आत ओढायची नाही, रात्री ‘आता गार झाली असेल’ म्हणूनही नाही. मांस भिजलं तर भिजलं. आणि तुमच्या सोसायटीत कोळशाला मनाई असेल तर वाद घालण्यापेक्षा पुढे दिलेली कढई घ्या.

आगीचंही थोडकं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी दोन हातांवरूनही वितळते. आमच्या जाळीला वाटीएवढं भोक आहे आणि कबुतरांनी त्याचा शोध कधीच लावला. ग्रिल भिंतीपासून, एसीपासून लांब, खाली फरशीवर कोरड्या विटा. शेजारी वाळूची बादली. निखाऱ्यांवर पाणी ओतू नका, राखेचा गरम फवारा तोंडावर येतो आणि झाकणाच्या मुलाम्याला तडा जातो. वरची-खालची भोकं बंद केली की हवेवाचून कोळसा आपोआप विझतो, उरलेला पुढच्या रविवारी वापरता येतो. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पूर्ण गार झाल्यावरच कचऱ्यात.

कोळसाच नको असेल तर अमेरिकेतल्या ऑल्टन ब्राउन या टीव्हीवरच्या स्वयंपाक्याची युक्ती आहे: मातीची मोठी कुंडी, तळाशी विजेची छोटी शेगडी, तिच्यावर पत्र्याच्या ताटलीत लाकडाचे तुकडे, वर जाळी आणि झाकण म्हणून उपडी दुसरी कुंडी. आपल्या नर्सरीत मिळणाऱ्या कुंड्या बहुधा रंगवलेल्या असतात, कोरी मातीची शोधा, आणि ती ओली असताना तापवू नका, तडकते. आच सांभाळायला हे कोळशापेक्षा सोपं आहे. लाकूड मात्र इथेही धुमसतंच, त्यामुळे जागा उघडीच हवी.

अगदीच टेरेस नसेल तर लोखंडी कढई. चिनी लोक चहाच्या धुरात बदक करतात, ते तत्त्व. कढईला आतून फॉइल, त्यावर दोन चमचे तांदूळ, दोन चमचे चहाची पूड, एक चमचा साखर. वर जाळी, जाळीवर आधी शिजवलेली कोंबडी किंवा मासा. झाकणाच्या कडा कणकेने बंद, एक्झॉस्ट सुरू, खिडकी उघडी. धूर दिसू लागल्यापासून दहा मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी दहा. नॉनस्टिक भांडं यासाठी कधीही नको, त्याचा थर जास्त तापला की विषारी वाफा सोडतो. आणि वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडायची आपली धुरी? ती मला आवडते, पण तो जळत्या तुपाचा वास आहे, लाकडाचा नाही. खिम्याला, डाळीला तोच शोभतो.

एकच गोष्ट घरी करू नका: आच न देता नुसत्या थंड धुरात मांस टिकवण्याचा प्रयोग. गोव्याचं चोरीस टिकतं ते मीठ, व्हिनेगर आणि वाळवण यांच्या जोरावर. आपल्या टेरेसवरच्या उकाड्यात ५ ते ६० अंशांच्या मधे मांस तासन्‌तास ठेवणं म्हणजे जंतूंना जेवण वाढणं.

खांदा खाऊन झाला की हाडं टाकू नका. त्यांना धूर लागलेला असतो. सोमवारी ती अख्ख्या मसुरात घालायची, आमटी उकळायला लागली की आधी वास येतो तो पेरूच्या लाकडाचा.